वाचक विचारतात : बिटकॉइन जपून ठेवू की त्यातून किराणा भरू?

मागच्या अंकात एका वाचकाचं पत्र छापलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की क्रिप्टो नुसती साठवणाऱ्यांनीच तिची वाट लावली. रोजच्या खरेदीला ती वापरली असती तर एव्हाना ती खरं चलन झाली असती. त्या दहा ओळींवर आलेल्या पत्रांनी टेबल भरलं. शेअर बाजारावरच्या लेखालाही एवढी पत्रं येत नाहीत. त्यातली काही निवडून उत्तरं देते आहे. 'कोणतं नाणं घेऊ आणि कधी विकू' असं विचारणाऱ्यांनी माफ करावं. मी सांगलीत लोकांची विवरणपत्रं भरते, भविष्य सांगत नाही.

प्रश्न : ताई, मी हिंजवडीत नोकरी करतो. २०२१ च्या सुरुवातीला २०,००० रुपयांचे बिटकॉइन घेतले होते, त्याचे चौपट झाले. विकायचे नव्हते, म्हणून त्यातल्या थोड्यांतून एका परदेशी साइटवरून गिफ्ट कार्ड घेतलं आणि ६,००० रुपयांचे बूट घेतले. पैसे माझ्या बँक खात्यात आलेच नाहीत. मग यात कर कुठे आला? आणि मित्र म्हणतो तसं 'खर्च करा आणि तेवढेच परत विकत घ्या' हे धोरण कसं आहे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कर बँक खात्यात येत नाही, हस्तांतरणात येतो. बिटकॉइन तुमच्या हातून गेला आणि बदल्यात काहीतरी मिळालं, की झाली विक्री. बदल्यात रुपये मिळाले, इथर हे दुसरं क्रिप्टो नाणं मिळालं की बूट, कायद्याला फरक पडत नाही. १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के.

तुमच्या बुटांचा हिशेब मांडू. भाव चौपट झाला, म्हणजे ६,००० रुपयांच्या बिटकॉइनची तुमची मूळ खरेदी १,५०० ची. नफा ४,५००. त्यावर कर १,४०४ रुपये. साइटनं कापलेलं शुल्क, नेटवर्कची फी, यातलं काहीही वजा मिळत नाही. वजा होते ती फक्त खरेदीची किंमत. साइट परदेशी असल्यामुळे तिनं टीडीएस कापला नसणार. म्हणून तुम्हाला सगळं करमुक्त वाटलं. कर शिल्लक आहे, फक्त तो मागायला अजून कोणी आलेलं नाही.

आता न्यायाची गोष्टही सांगायला हवी. हे १,४०४ रुपये बूट घेतल्याचा दंड नाहीत. तुम्ही तेवढेच बिटकॉइन रुपयांत विकले असते तरी एवढाच कर लागला असता. पण पगारातून बूट घेतले असते तर आज काहीच लागलं नसतं आणि बिटकॉइन जागेवर राहिला असता. निवड या दोघांत आहे. 'विकणं की खर्च करणं' हा झगडाच खोटा आहे, कारण आपल्या कायद्यात दोन्ही एकच.

म्हणून तुमच्या मित्राचं 'खर्च करा आणि परत घ्या' भारतातल्या करदात्याला परवडत नाही. जुना, स्वस्तात घेतलेला बिटकॉइन द्यायचा, त्यावर आज कर भरायचा, आणि आजच्या भावानं तेवढाच पुन्हा घ्यायचा. हातात बिटकॉइन तेवढेच, खिशातून कर मात्र गेला. नवी खरेदी महाग दिसल्यामुळे पुढच्या विक्रीत कर कमी लागेल हे खरं. पण पुढे देता आला असता तो कर आज दिला, यापलीकडे कमाई काही नाही.

यापेक्षा वाईट गोष्ट तोट्याची. समजा याच वर्षी तुम्ही महागात घेतलेल्या इथरमधून दुसरी एखादी वस्तू घेतली आणि तिथे ४,५०० चा तोटा झाला. एकीकडे नफा, दुसरीकडे तेवढाच तोटा, बेरीज शून्य. शेअरमध्ये असं झालं असतं तर तोटा नफ्यातून वळता झाला असता. इथे तशी सोय नाही. तोटा तुमचा, कर १,४०४ तसाच, आणि तो तोटा पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. मला ही तरतूद अन्यायाची वाटते आणि मी तसं चारचौघांतही म्हणते, पण विवरणपत्र भरताना माझं मत चालत नाही.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे मिस्टर कामानिमित्त सारखे दुबईला असतात. त्यांच्याकडे एक क्रिप्टो कार्ड आहे. कॉफी, टॅक्सी, मॉलमधली खरेदी, सगळं त्यावर. ते म्हणतात, 'मी रुपयात बदललंच नाही, मग कर कसला?' विवरणपत्र दरवर्षी मीच भरते, साधं, पगाराचं. मला धडकी भरते. शिवाय आता ते काही क्रिप्टो माझ्या नावावर करायचं म्हणतायत. नाव छापू नये.
— ठाणे

उत्तर : धडकी भरली ते बरंच झालं. वहिनी, आधी कार्ड कसं चालतं ते बघा. दुकानदाराच्या हातात बिटकॉइन जात नाही, त्याला दिऱ्हॅमच मिळतात. कार्ड टॅप केलं की कंपनी त्या क्षणी तुमच्या मिस्टरांच्या खात्यातला तेवढा बिटकॉइन विकते आणि आलेल्या पैशातून दुकानदाराला देते. म्हणजे प्रत्येक टॅप ही एक विक्री. गेल्या अंकातल्या पत्रलेखकांनाही हे वाचायला सांगते : कार्डानं घेतलेल्या कॉफीमुळे क्रिप्टोचं चलन होत नाही, उलट बाजारात ती थोडी आणखी विकली जाते. कॉफीवाल्याला पत्ताही नसतो.

माझ्याकडे एका अशिलाच्या मुलानं असंच स्टेटमेंट आणलं होतं. मे २०२४ मधली एक ओळ : कॉफी, ०.००००४८२८ बिटकॉइन. त्या वेळी एका बिटकॉइनचा भाव साधारण ५८ लाख रुपये, म्हणजे ती कॉफी २८० रुपयांची. आता या ओळीसाठी मला काय काय हवं? हे ०.००००४८२८ केव्हा घेतलेले, तेव्हा भाव किती, दिऱ्हॅमचे रुपये किती, नफा किती. विवरणपत्रात क्रिप्टोसाठी वेगळा तक्ता आहे, त्यात खरेदीची तारीख, हस्तांतरणाची तारीख, खरेदीची किंमत, मिळालेला मोबदला आणि उत्पन्न असे रकाने आहेत. त्याच्या खाली टॅक्सी. त्याच्या खाली पुन्हा कॉफी. मग सुपरमार्केट, मग पेट्रोल. मुलगा महिन्यातून दोनदा थोडे थोडे बिटकॉइन घेणारा, त्यामुळे कोणत्या खरेदीतला भाग कोणत्या कॉफीत गेला हे शोधणं आलं. मी 'आधी आलेला आधी गेला' धरते आणि दरवर्षी तेच धरते. ऑफिसमधली मुलगी दोन दिवस त्या एका फाइलला बसली होती, आणि निघालेला कर आमच्या फीपेक्षा कमी होता. मुलाचे वडील हळदीचे व्यापारी. ते एवढंच म्हणाले, 'पोरा, चहा रोखीनं पीत जा.'

तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी. मिस्टर भारतातले निवासी करदाते असतील, तर दुबईतली कॉफीसुद्धा इथल्या विवरणपत्रात येते. तिथे वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही याचा त्यांना उपयोग नाही. ते वर्षातले किती दिवस भारतात असतात ते पासपोर्टवरून मोजा, कारण अनिवासी ठरले तर चित्र बदलतं. तुम्ही भरता ते साधं आयटीआर-१ क्रिप्टोच्या उत्पन्नाला चालत नाही, आयटीआर-२ किंवा ३ लागतं. कार्डाचं खातं परदेशी कंपनीकडे असेल तर परदेशी मालमत्तेचा तक्ताही भरा. हा तक्ता लोक 'काय होतंय' म्हणून सोडतात आणि नंतर महागात पडतो. परदेशी एक्स्चेंजकडची माहिती देशांनी आपसांत वाटून घ्यायची व्यवस्था उभी राहते आहे आणि भारत तीत सामील आहे. रुपये असे परदेशात नेऊन खर्च करण्यात फेमाचाही, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचाही, प्रश्न येतो. तो इथे चार ओळींत मावणार नाही, तो स्वतंत्रपणे विचारा.

आणि तुमच्या नावावर करण्याबद्दल : नवऱ्यानं बायकोला दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. कर वाचणार नाही, सही मात्र तुमची लागेल. नाही म्हणा.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतो याने २००८ च्या निबंधाच्या शीर्षकातच 'इलेक्ट्रॉनिक कॅश' म्हटलं आहे, 'डिजिटल सोनं' नाही. कॅश कोणी तिजोरीत ठेवतं का? ज्यांनी ती साठवली त्यांनी मूळ कल्पनेशी गद्दारी केली असं मला वाटतं. मी माझी छोटीशी शिल्लक मुद्दाम खर्च करतो. तुम्ही सीए लोक फक्त कर बघता.
— लातूर

उत्तर : तुझं पत्र मला सगळ्यांत आवडलं. अरे-तुरे करते, राग मानू नकोस. कॅश तिजोरीत ठेवणारे मी भरपूर पाहिलेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये ते सगळे एकदम रांगेत दिसले. पण तुझा मुद्दा त्यापेक्षा मोठा आहे.

निबंध ३१ ऑक्टोबर २००८ चा, पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा पहिला गठ्ठा, ३ जानेवारी २००९ चा. त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ बिटकॉइनला बाजारात पैशाची किंमत जवळपास नव्हती. मे २०१० मध्ये फ्लोरिडातल्या लास्लो हान्येच या प्रोग्रामरनं 'कोणी दोन पिझ्झा घरी पाठवले तर १०,००० बिटकॉइन देतो' असं लिहिलं, आणि २२ मेला पिझ्झा आले. तेव्हा त्या १०,००० ची किंमत चाळीसेक डॉलर. आज सगळे त्याला हसतात. मला ते हसणं पटत नाही. कोणीतरी पहिल्यांदा खाण्याची वस्तू घेतली म्हणूनच 'एक बिटकॉइन म्हणजे किती' या प्रश्नाला उत्तर मिळालं. त्याच माणसानं फेब्रुवारी २०१८ मध्ये लाइटनिंग नेटवर्क, म्हणजे बिटकॉइन झटपट पाठवायची वेगळी सोय, वापरून पुन्हा दोन पिझ्झा घेतले, तेव्हा दिले ०.००६४९ बिटकॉइन. आठ वर्षांत १०,००० चे ०.००६४९. नाण्याची किंमत इतकी वाढणार असेल तर ते खर्च कोण करील? ज्याला ते वाढणार नाही असं वाटतं तो, किंवा ज्याला पर्याय नाही तो. ग्रेशॅमचा नियम अर्थशास्त्र घेतलेल्या कोणालाही विचार : दोन पैसे हातात असले की माणूस हलका पैसा खर्चतो आणि भारी पैसा राखतो. साठवणाऱ्यांनी गद्दारी केली नाही रे. २.१ कोटींच्या वर नाणी निघणारच नाहीत असा नियम ज्यानं लिहिला, त्यानंच त्यांना साठवायला शिकवलं.

दुकानदारांच्या बाजूनंही बघ. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीमनं २०१७ च्या डिसेंबरमध्ये बिटकॉइन घेणं थांबवलं, कारण एका व्यवहाराची फी २० डॉलरपर्यंत चढली होती आणि पैसे पोहोचेपर्यंत भाव हलायचा. टेस्लानं मार्च २०२१ मध्ये बिटकॉइनवर गाड्या द्यायला सुरुवात केली आणि मे महिन्यात बंद केली. बिटकॉइनच्या मूळ साखळीवर (ब्लॉकचेनवर) साधारण दहा मिनिटांनी एक ब्लॉक पक्का होतो आणि सेकंदाला सातेक व्यवहार मावतात. लाइटनिंगनं छोट्या रकमांची ही अडचण बरीच सोडवली हे मान्य. पण आपल्याकडे तेवढ्यात यूपीआय आलं. महिन्याला हजार कोटींहून जास्त व्यवहार, फी शून्य, आणि लातूरच्या गंजगोलाईतल्या भाजीवालीच्या पाटीवर क्यूआर कोड. तिला सांगून बघ, 'मावशी, सातोशीत, म्हणजे बिटकॉइनच्या बारीक तुकड्यांत, घेता का?'

देशानं हुकूम काढून लोकांना खर्च करायला लावलं, असाही एक प्रयोग झाला. एल साल्वाडोरनं ७ सप्टेंबर २०२१ ला बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं, चिवो नावाचं सरकारी वॉलेट काढलं आणि ते घेणाऱ्याला ३० डॉलरचे बिटकॉइन फुकट दिले. वर तिथे भांडवली नफ्याचा करही लावला नाही, म्हणजे माझ्यासारख्यांचा अडसर नव्हता. तरी बहुतेकांनी ते ३० डॉलर काढले नाहीतर खर्चले आणि अ‍ॅप विसरले. त्यांच्याकडे २००१ पासून अमेरिकी डॉलर चलनात आहे. चांगला पैसा हातात असताना दुसरा कशाला शिकायचा? जानेवारी २०२५ मध्ये, नाणेनिधीच्या १.४ अब्ज डॉलरच्या कर्जाच्या अटींमुळे, दुकानदारांवरची सक्ती काढून टाकली. आता उलट उदाहरण. अर्जेंटिनात २०२३ मध्ये महागाई वर्षाला २११ टक्क्यांवर गेली, तिथे लोक डॉलरला बांधलेली नाणी खरंच पैसा म्हणून धरतात. त्यांनी निबंध वाचलेला नाही. त्यांच्या खिशातला पेसो विरघळत होता.

तू कर बघत नाहीस, म्हणून मी बघते. तुझं उत्पन्न शून्य असेल. तरी क्रिप्टोच्या नफ्याला मूळ सवलतीची मर्यादा लागू नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के. तुझ्या तत्त्वासाठी तू खर्च करतोस, कर, माझी ना नाही. पण प्रत्येक खर्चाची तारीख, नग आणि रुपयातला भाव एका वहीत लिही. खर्च करण्याआधी, नंतर नाही.

प्रश्न : नमस्कार. मी २०१९ पासून म्युनिकमध्ये आहे. २०२१ पासून दर महिन्याला थोडे बिटकॉइन घेत आलो. येत्या डिसेंबरात कायमचे नाशिकला परततोय. इथले सहकारी म्हणतात, जुने बिटकॉइन बिनधास्त खर्च कर, कर नाही. खरं का? की तसेच घेऊन येऊ?
— एक वाचक, जर्मनी

उत्तर : खरं आहे, आणि तुम्ही विचारलंत हे नशीब. मागच्या अंकातलं 'वापरा' हे म्हणणं ज्यांना अगदी फिट्ट बसतं असे तुम्ही एकटेच निघालात.

जर्मनीत बिटकॉइन खर्च करणं हीसुद्धा खासगी विक्रीच. पण एक वर्षापेक्षा जास्त काळ ठेवलेलं नाणं दिलं तर नफ्यावर कर नाही, रक्कम कितीही असो. वर्षाच्या आतलं असेल तर वर्षभरातल्या अशा सगळ्या विक्रींचा नफा १,००० युरोच्या आत राहायला हवा. २०२४ च्या आधी ही मर्यादा ६०० होती. ती ओलांडली तर वरच्या रकमेवर नाही, सगळ्या नफ्यावर कर लागतो, हे लोक विसरतात. तुमची खरेदी दरमहा आहे, म्हणून प्रत्येक महिन्याच्या खरेदीचं वर्ष वेगळं मोजायचं.

आता परतीचा विचार. तुम्ही भारतात निवासी झालात की त्याच नाण्यांवर ३१.२ टक्के, आणि आपल्याकडे 'जुनं आहे' याला किंमत नाही. वर्ष ठेवा की दहा वर्षं ठेवा, दर तोच. परतल्यावर पहिली काही वर्षं 'निवासी पण सामान्यतः नाही' असा दर्जा मिळू शकतो आणि त्यात परदेशातल्या उत्पन्नाला सूट असते. पण बिटकॉइन नेमका कोणत्या देशात 'आहे' यावरच वाद होऊ शकतो. त्या वादात पहिलं उदाहरण तुम्ही कशाला व्हायचं?

म्हणून : वर्ष पूर्ण झालेले बिटकॉइन तिथेच, तिथले करदाते असतानाच, विका किंवा खर्च करा. सामान हलवायचा खर्च, विमानाची तिकिटं, आईवडिलांसाठी जे काही घ्यायचं असेल ते त्यातून. आणि बिटकॉइन ठेवायचेच असतील, तर निघण्यापूर्वी विकून त्याच भावानं पुन्हा घ्या. तुमची खरेदीची किंमत आजच्या भावाला येते, आणि पुढे नाशिकहून विकाल तेव्हा नफा फक्त त्याच्या वरचा. पुण्याच्या वाचकाला तोट्यात घालणारं 'खर्च करा आणि परत घ्या' तुम्हाला लाखांची बचत करून देईल. विक्री-खरेदीच्या पावत्या पीडीएफमध्ये उतरवून ठेवा; परदेशी खाती बंद झाली की त्या मिळत नाहीत. आणि हे सगळं निघण्याच्या आठवड्यात करू नका.

याच धर्तीवर लेस्टरहून एका भगिनींनी विचारलंय. ब्रिटनमध्ये वर्षाला ३,००० पौंडांपर्यंतचा भांडवली नफा माफ आहे, आणि खर्च केलेलं नाणं ३० दिवसांच्या आत परत घेतलं तर तुमची जुनी खरेदी न धरता ही नवी खरेदीच त्या खर्चासमोर मांडली जाते. म्हणजे त्या व्यवहारात नफा जवळपास शून्य दिसतो आणि जुना नफा पुढे सरकतो. तुमच्याकडे 'परत घ्या' चालतं, पण तारखा सांभाळून.

प्रश्न : ताई, आमचं मोरजीला चार खोल्यांचं गेस्ट हाउस आहे. रशियन पाहुणे येतात. २०२२ पासून त्यांची कार्डं इथे चालत नाहीत. बरेच जण यूएसडीटी हे क्रिप्टो नाणं देतो म्हणतात. एकाचं पंधरा दिवसांचं बिल ४२,००० झालं आणि तो फोन काढून उभाच राहिला. घेऊ का? डॉलरला बांधलेलं आहे म्हणजे जोखीम नाही ना?
— गोवा

उत्तर : पाहुण्याची अडचण खरी आहे. व्हिसा आणि मास्टरकार्डनं मार्च २०२२ मध्ये रशियातला कारभार थांबवल्यापासून तिथली कार्डं बाहेर निरुपयोगी झाली. पण त्याची अडचण तुम्ही तुमच्या खात्यावर ओढून घेऊ नका.

घेतलंत तर काय होईल ते सांगते. बिल रुपयांतच करायचं, जीएसटी रुपयांतच भरायचा. पैसे नाण्यात आले म्हणून त्यात सवलत नाही. ४२,००० हे तुमचं धंद्याचं उत्पन्न. ते यूएसडीटी तुमच्याकडे ४२,००० ला आलं असं धरायचं. डॉलर वर गेला आणि ते ४२,६०० ला विकलं, तर ६०० वर ३० टक्के. ४१,५०० ला गेलं तर ५०० चा तोटा गिळायचा. डॉलरला बांधलेलं आहे, रुपयाला नाही.

शिवाय कायद्याच्या नजरेत तुम्ही त्या नाण्याचे खरेदीदार ठरता. पाहुणा भारतीय असता तर ठराविक मर्यादेपुढे एक टक्का टीडीएस भरला गेलाय याची खात्री करून मगच चावी द्यायची जबाबदारी तुमची होती. तुमच्यासारख्या छोट्या व्यावसायिकाला ही मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये. पाहुणा अनिवासी असल्यामुळे टीडीएसचा वेगळा नियम लागतो आणि फेमाही आडवा येतो. चार खोल्यांच्या धंद्याला एवढं वकिली ओझं कशाला?

खरी भीती मात्र विकताना आहे. तुम्ही ते यूएसडीटी कोणा अनोळखी माणसाला देणार, तो तुमच्या खात्यात रुपये टाकणार. ते रुपये कुठल्याशा फसवणुकीतले निघाले की दूरच्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र येतं आणि तुमचं खातं गोठतं. ऐन डिसेंबरात, सीझनला. माझ्या एका अशिलाचं चालू खातं असं चार महिने अडकलं होतं. पैसे ३८,००० चे आले होते, अडकली सगळी शिल्लक.

पाहुण्याला सांगा, तुझं तू बदलून घे आणि मला रुपये दे. रोख परकीय चलन असेल तर म्हापशाला किंवा पणजीला अधिकृत मनी चेंजर आहेत. परदेशी पाहुण्यांसाठी यूपीआय वन वर्ल्ड नावाचं प्रीपेड वॉलेटही २०२३ पासून आहे, ते त्याला मिळतं का बघा. नाहीच जमलं तर पुढच्या वेळी बुकिंगच्या वेळीच आगाऊ रक्कम घ्या. फोन काढून उभं राहायची वेळच येऊ नये.

थोडक्यात

ई-रुपया हाही क्रिप्टोच ना? त्यातून भाजी घेतली तर ३० टक्के? (सोलापूर) — नाही. तो रिझर्व्ह बँकेचा, १ डिसेंबर २०२२ पासून किरकोळ वापरासाठी प्रायोगिक सुरू झालेला रुपयाच आहे. भाजी घ्या, पावतीची काळजी करू नका.

क्रिप्टो भारतात बेकायदा आहे का? (कराड) — नाही. कायदेशीर चलनही नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये बँकांना तिच्यापासून दूर राहायला सांगितलं होतं, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० ला रद्द केलं. तेव्हापासून ठेवायला मनाई नाही, आणि दुकानदारानं घ्यावीच अशी सक्तीही नाही.

क्रिप्टोतून मुलीची फी भरली. शिक्षणाचा खर्च आहे, सूट मिळेल? (अकोला) — फी कशातून भरली यावर नाण्याच्या नफ्याचा कर अवलंबून नाही. तो लागतोच. शिकवणी शुल्काची वजावट जुन्या करप्रणालीत तिच्या नियमानुसार वेगळी मिळेल, त्यासाठी कॉलेजची पावती ठेवा.

२९९ चा मोबाइल रिचार्ज क्रिप्टोतून केला. तो सुद्धा दाखवायचा? (जळगाव) — हो. एवढ्या छोट्या खर्चाला माफी देणारी ओळ आपल्या कायद्यात नाही. पुढचा रिचार्ज यूपीआयनं करा.